खुर्चीमामांचं राहतं घर

गल्लीत सगळे त्यांना खुर्चीमामा म्हणत. खरं तर ते कुणाचेच मामा नव्हते. त्यांना एकच धाकटी बहीण, तीही समोरच्याच घरात राहणारी, आणि तिला मूलबाळ नाही. पण मोडकी खुर्ची घेऊन दारात येणाऱ्या माणसाला काहीतरी हाक मारावीच लागते, आणि "अहो खुर्चीवाले" म्हणायला जीभ रेटत नाही. म्हणून कुणीतरी कधीतरी मामा जोडलं आणि ते चिकटलं. मामांच्या सरसासारखंच, कायमचं.

गल्ली राहत्या घरांची. दुकान असं एकच, मामांचं, तेही घराच्या पुढच्या खोलीत. दोन्ही बाजूंना वाळत घातलेले कपडे, खिडक्यांतल्या कुंड्या, दुपारी झोपणारी माणसं, आणि मधूनच रंध्याचा सर्र सर्र आवाज. पुढच्या खोलीत काम, मधल्या खोलीत झोपणं, मागे स्वयंपाकघर. मामा बैठकीच्या खुर्च्या दुरुस्त करायचे. वेत विणायचा, ढिले सांधे उकलून पुन्हा सरस भरायचा, शिकंज्यात आवळून ठेवायचं, मोडलेल्या पायाला नवा पाय द्यायचा. टेबलं नाहीत, कपाटं नाहीत. टेबल आणलं तर म्हणायचे, टेबलावर कुणी बसत नाही, त्याचं मला काय कळणार.

त्यांची कामाची एक रीत होती आणि ती जगाच्या पाठीवर दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. दुरुस्त झालेली खुर्ची ते गिऱ्हाइकाला लगेच द्यायचे नाहीत. ती आधी स्वयंपाकघरात जायची. तिथे मामी, म्हणजे त्यांची बायको, आठवडाभर तिच्यात बसायची. भाजी चिरताना, उसवलेलं शिवताना, शेजारणीशी गप्पा मारताना. मामी अंगाने भरलेली आणि स्वभावाने स्पष्ट. खुर्चीत बसली की तिसऱ्या दिवशी निकाल यायचा. "अहो, ही पाठीला टोचते." "ही उठताना कुरकुरते." एकदा तर म्हणाली, "खुर्ची चांगली आहे, पण जिची आहे ती बाई सदा काठावर बसत असणार. पुढची पट्टी बघा कशी झिजली आहे." मग मामा खुर्ची परत पुढे न्यायचे. सगळं ठीक झालं तरी एक अट उरायचीच. त्या खुर्चीत बसून मामीचं मामांशी एक तरी भांडण व्हायला हवं. कारण दुकानात खुर्ची बघायला आलेला माणूस सभ्यपणे बसतो, पण भांडताना माणूस खरा बसतो. भांडणाला विषय लागायचा नाही. मीठ पुरायचं.

एक खुर्ची तेवढी या रीतीतून सुटली होती. ती मामीची स्वतःची. स्वयंपाकघरात खिडकीखाली असायची. "माझी उजवीकडे झुकते," असं मामी लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षापासून सांगत होती, आणि मामा "बघतो" म्हणत होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. गावभरच्या खुर्च्या सरळ झाल्या आणि घरातली झुकतीच राहिली.

मग मामी गेली. आजार फार दिवसांचा नव्हता. मामांनी रडणं वगैरे केलं असेल तर ते कुणी पाहिलं नाही. चौथ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं आणि कामाला लागले. जेवायला बहिणीकडे जाऊ लागले, मग रात्री उशीर झाला की तिथेच झोपू लागले, आणि मग उशीर झाला नाही तरी. बहिणीचा नवरा मितभाषी, त्याला बुद्धिबळाला जोडीदार मिळाला. त्याने काही विचारलं नाही.

काम मात्र जुन्याच रीतीने चालू राहिलं, आणि घोटाळा तिथेच झाला. खुर्ची दुरुस्त झाली की मामा सवयीने ती स्वयंपाकघरात नेऊन ठेवत. आठवडा जायचा. खुर्चीत कुणी बसलेलं नसायचं, म्हणजे निकाल नसायचा, म्हणजे खुर्ची बाहेर जायची नाही. स्वतः बसून पाहत नव्हते असं नाही. पण स्वतःच्या हातची खुर्ची स्वतःला कधी टोचत नाही. बसले की सगळ्या सारख्याच वाटायच्या. गिऱ्हाईक विचारायला आलं की म्हणायचे, "अजून बसून व्हायची आहे." लोकांना आधी गंमत वाटली, मग दया आली, मग त्यांनी प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणल्या आणि विचारणंच सोडलं. स्वयंपाकघर भरलं. शेगडीवर एक आरामखुर्ची उलटी होऊन बसली. मग मधली खोली भरली. पलंग मोडून भिंतीला लावला तेव्हा बहीण म्हणाली, दादा, हे घर आहे का गोदाम? मामा म्हणाले, थोडे दिवस. दुकानाला एक खोली दिली होती, त्याने हळूहळू हातपाय पसरून अख्खं घर घेतलं, आणि मालक समोरच्या घरात पाहुणा झाला.

अशी चार वर्षं गेली, तशी आणखीही गेली असती. पण शेजारच्या घरात एक नवं कुटुंब राहायला आलं, त्यांचं तान्हं बाळ होतं, आणि बाळाच्या खोलीची खिडकी मामांच्या पुढच्या खोलीला लागून होती. मामा पॉलिश मारत तेव्हा त्याचा उग्र वास थेट पाळण्यावर जायचा. बाळाच्या आईला गल्लीत कुणी ओळखीचं नव्हतं. कुणाशी बोलायचं हे तिला कळलं नाही, म्हणून तिने पालिकेला कळवलं. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही, पण गल्लीला वाटलं, आणि दोन दिवस तिच्याकडे दूधवाल्याशिवाय कुणी हसून बघितलं नाही.

पालिकेचा माणूस नियम समजावून गेला. राहत्या घरांच्या भागात लहान धंदा चालतो, पण तीन अटींवर. वास आपल्या भिंतीबाहेर जायचा नाही. धंद्याने घराचा तिसरा हिस्सा व्यापायचा, त्याहून जास्त नाही. आणि मालक स्वतः त्या घरात राहता हवा. यातलं एक जरी नसलं तर ते घर नाही, कारखाना आहे, आणि कारखान्याची जागा गावाबाहेर, मालगाड्यांच्या यार्डापलीकडे, पत्र्याच्या शेडमध्ये. पंधरवड्याने साहेब मोजायला येतील.

मामांनी ते ऐकून घेतलं आणि पहिलं काय केलं, तर बाळाच्या आईच्या दारात गेले. ती बिचारी दार अर्धंच उघडून उभी राहिली. मामा म्हणाले, पॉलिशचा डबा आजच हलवला आहे. यार्डापलीकडे एक सुतार मित्र आहे, त्याच्या शेडमध्ये शनिवारी जाऊन मारत जाईन. हे मला आधीच सुचायला हवं होतं. तिने दार पुरतं उघडलं. मामांनी तिच्या दाराची कुरकुरणारी बिजागरी तेवढी बोटाने हलवून पाहिली आणि परत आले.

वासाचं मिटलं. उरल्या दोन अटी, आणि त्या मिटण्यासारख्या नव्हत्या. मामा आपल्या बुटक्या स्टुलावर बसले आणि बहिणीला म्हणाले की जाईन शेडमध्ये. पण तिने त्यांचा चेहरा पाहिला. तिला माहीत होतं, या वयात तिकडे रोज जाणं होणार नाही. आणि झालं तरी, पत्र्याच्या शेडला स्वयंपाकघर नसतं. मामांचं काम अर्धं पुढच्या खोलीत व्हायचं आणि अर्धं मागे. मागचा अर्धा भाग मोडला होताच. पुढचाही गेला की माणूस बसल्या जागी संपला असता.

तेव्हा सूत्रं हातात घेतली पोस्टमननी. ते निवृत्त झाले होते, कोपऱ्यावरच्या घरात राहायचे, आणि त्यांना हातात काहीतरी वाटायला असल्याशिवाय बरं वाटत नसे. त्यांनी काम वाटलं. तपासणीच्या आदल्या दिवशी मामांच्या घरातली एकूण एक खुर्ची गल्लीतल्या घरांत लपवायची, आणि त्या बदल्यात घरोघरचं सामान आणून मामांचं घर राहतं दिसेल असं मांडायचं. मामा नको नको म्हणत होते. पण गल्लीला एकदा उत्साह आला की तिला आवरणं देवालाही जमत नाही.

खुर्च्या निघाल्या. पाठीवर, डोक्यावर, दोघांत एक. कुणाकडे तीन गेल्या, कुणाकडे पाच. बाळाच्या आईने दारात येऊन, कुणी न सांगता, एक बुटकी खुर्ची मागून घेतली. मामीची खुर्ची पोस्टमननी उचलली तेव्हा मामा तिच्यामागे दारापर्यंत गेले. मग उलट दिशेने संसार आला. बहिणीने मधल्या खोलीत गादी पसरून तिच्यावर चादर घातली, पडदे लावले. कुणी भांडी आणली, कुणी चपला आणून दाराशी मांडल्या. घड्याळ असावं हे तिघांना स्वतंत्रपणे सुचलं, आणि तिन्ही वेगवेगळी वेळ दाखवत भिंतीवर लागली. मोरीत दात घासायचे पाच ब्रश जमले.

साहेब आले. पन्नाशी उलटलेले, अंगात सदरा आणि सदऱ्याखाली कमरेला पट्टा. पाठीच्या दुखण्याने बेजार होते हे त्यांच्या वाकण्यावरूनच कळत होतं. त्यांनी फीत लावून पुढची खोली मोजली, मधली मोजली, मागची मोजली. हिस्सा बरोबर निघाला. पोस्टमन दाराआडून बहिणीकडे बघून मान डोलावत होते. साहेबांनी तीन घड्याळं पाहिली, ब्रशही पाहिले. मग लिहायला म्हणून त्यांनी बसायला जागा शोधली. स्वयंपाकघरात पाहिलं, मधल्या खोलीत जमिनीवरची गादी पाहिली, पण तिथवर कंबर वाकणार नव्हती, पुढे आले. कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"बसायला काही मिळेल का?" त्यांनी विचारलं.

 सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. गल्लीतल्या प्रत्येक घरात त्या घडीला जास्तीच्या खुर्च्या होत्या, आणि खुर्ची दुरुस्त करणाऱ्याच्या घरात टेकायला एक नव्हती. करायला गेले एक आणि झालं भलतंच. मामा आयुष्यभर ज्यावर बसून काम करत आले ते बुटकं स्टूलसुद्धा कुणीतरी उत्साहाच्या भरात नेलं होतं.

साहेब शांतपणे म्हणाले, "ज्या घरात टेकायला जागा नाही, तिथे माणूस राहतो असं मी कसं लिहू?"

पोस्टमन काहीतरी रचून सांगणार होते. खुर्च्या ऊन द्यायला बाहेर ठेवल्यात, असं काहीसं. पण मामांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. "राहत नाही, साहेब," ते म्हणाले. "हे सामान शेजाऱ्यांचं आहे. मी समोर बहिणीकडे झोपतो. बायको गेल्यापासून इथे कुणी राहत नाही."

बहिणीने डोळ्याला पदर लावला. तिला संताप आला होता, आणि बरंही वाटलं होतं. चार वर्षांत दादाने हे वाक्य तिच्यासमोरसुद्धा उच्चारलं नव्हतं.

साहेब भिंतीला टेकले. मग त्यांनी सांगितलं की खोटं लिहिणं त्यांच्याच्याने होणार नाही. पण नियमात तीन महिन्यांची मुदत आहे, ज्याचं घर सुटलं आहे त्याला परत राहायला येण्यासाठी. "मी पुन्हा येईन. कधी ते सांगणार नाही. तेव्हा मला घड्याळं नकोत. तुम्ही घरात असलात म्हणजे झालं." आणि पाठ धरत ते निघून गेले.

संध्याकाळी सामान ज्याचं त्याच्याकडे परत गेलं. दुसऱ्या दिवशी खुर्च्या परत यायच्या होत्या, आणि तिथे एक मजेची गोष्ट घडली. लोक नुसत्या खुर्च्या घेऊन आले नाहीत. खुर्ची घरात असली की माणूस तिच्यात बसतोच. पोस्टमन म्हणाले, मामा, या काळीचा डावा हात ढिला आहे, चहा घेताना माझा कप डचमळला. पलीकडचा शिंपी म्हणाला, ही उंच आहे, माझे पाय लोंबतात, पण मुलीला आवडली. कुणाला पाठीत खिळा लागला होता. बाळाची आई सगळ्यांच्या शेवटी आली. तिने ती बुटकी खुर्ची आणलीच नव्हती. ती म्हणाली, बाळाला घेऊन बसायला इतकी सोयीची खुर्ची तिने पाहिली नाही, फक्त वेत एका जागी मांडीला घासतो. आणखी थोडे दिवस ठेवू का?

मामा ऐकत उभे राहिले. त्यांच्या दारात लोक आधीही येत, पण खुर्ची बसून पाहून आलेलं असं कुणी चार वर्षांत आलं नव्हतं. त्यांनी काळी खुर्ची उलटी केली. डावा सांधा खरंच ढिला होता. कसा सुटला होता कोण जाणे.

मग मामांनी नवी रीत पाडली. खुर्ची दुरुस्त झाली की ती एका घरी आठवडाभर बसायला जायची. शिंप्याकडे, पोस्टमनकडे, बाळाच्या आईकडे. निकाल यायचे, आणि लोकांना निकाल द्यायची हौस इतकी की एकेका खुर्चीवर दहा तोंडं दहा गोष्टी सांगू लागली. खुर्च्या एकेक करून मूळ घरी जाऊ लागल्या. मालकांनी त्या ओळखल्या नाहीत. काहींना आठवलंही नाही की आपली अशी खुर्ची होती. मधली खोली मोकळी झाली. मग स्वयंपाकघर. शेगडीवरची आरामखुर्ची गेली त्या दिवशी मामांनी शेगडी पुसली, चहा करून पाहिला, आणि त्यात साखर टाकायला विसरले.

पण रात्री ते अजून बहिणीकडेच झोपत. पहिली रात्र घरी काढली ती पावणेदोन महिन्यांनी, आणि तीही झोपेशिवाय. सकाळी बहिणीने तोंड पाहून विचारलं, परत ये म्हणू का? मामा म्हणाले, नको. घर फार मोठं वाटतं, एवढंच. दुसऱ्या रात्री थोडं लहान वाटलं. बुद्धिबळाचा पट बहिणीचा नवरा इकडेच घेऊन येऊ लागला, आणि बहीण मागून म्हणायची की चला, माझं घर एकदाचं रिकामं झालं. म्हणायची तसं, पण रोज दुपारी डब्यात काहीतरी घेऊन यायचीच.

मामीची खुर्ची पोस्टमननी परत आणून खिडकीखाली ठेवली होती. तिच्याबद्दल त्यांनी निकाल दिला नव्हता. ते तिच्यात बसलेच नव्हते.

साहेब आले ते एका सकाळी, मुदत संपायच्या बऱ्याच आधी. मामा स्वयंपाकघरात अंडं सोलत होते. पायात स्लिपर, दाढी वाढलेली, मोरीत एकच ब्रश. "या," मामा म्हणाले, आणि दुसरा कप काढला. साहेबांनी फीत बाहेर काढलीच नाही. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि पाठदुखीचा माणूस करतो तसं जवळच्या खुर्चीवर बसले. ती खिडकीखालची होती.

मामांच्या हातातलं अंडं हातातच राहिलं. चार वर्षांत त्या खुर्चीत कुणी बसलं नव्हतं.

साहेबांनी चहाचा घोट घेतला. जरा सरकून बसले. पुन्हा सरकले. मग सहज, लिहायचं पॅड मांडीवर घेता घेता म्हणाले, "ही उजवीकडे झुकते."

  "बघतो" हा शब्द मामांच्या तोंडाशी आला होता. तो त्यांनी तोंडातच ठेवला. अंडं बशीत ठेवलं, हात पुसले. "साहेब," ते म्हणाले, "जरा उठता का?"

साहेब उठले. मामांनी खुर्ची तिथल्या तिथे उलटी केली. उजव्या मागच्या पायाखाली बाटलीच्या बुचाची एक चकती होती. एका खिळ्याने भागलं असतं तिथे तीन ठोकले होते, तिन्ही वाकडे, आणि वर घरगुती खळीचा थर. मामीने कधीतरी, ते पुढे कामात असताना, स्वतःच करून घेतलं होतं आणि त्यांना सांगितलं नव्हतं. बूच झिजून पापुद्र्याएवढं उरलं होतं. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला. असलं बेंगरूळ काम त्यांनी दुसऱ्या कुणाचं पाहिलं असतं तर हसले असते.

साहेब कमरेवर हात ठेवून बघत उभे होते. "आज होईल का?" त्यांनी विचारलं.

"आज होईल," मामा म्हणाले. "पण मग आठवडाभर बसून पाहावी लागेल."

"कोण बसणार?"

"मीच," मामा म्हणाले. "इथेच राहतो मी."

साहेबांनी उभ्या उभ्या तेवढंच लिहून घेतलं.